नातू सैन्यात जाऊ इच्छितो : घरातील ज्येष्ठांनी काय पाहावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. नातू किंवा नात सांगते, ‘मला सैन्यात जायचे आहे.’ आजोबांची मान अभिमानाने ताठ होते. आजीच्या काळजात मात्र धस्स होते. आई-वडील दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे असतात. पुढचे काही दिवस घरात चर्चा होते ती देशभक्तीची आणि धोक्याची. ज्या गोष्टींवर त्या मुलाचे भवितव्य खरोखर अवलंबून असते, त्या बहुधा बाजूलाच राहतात. त्या गोष्टी म्हणजे मुलाचे शरीर, नोकरीच्या अटी आणि घरची परिस्थिती.

सामान्य वैद्यकीय व्यवसायात अशी मुले नेहमी भेटतात. बहुतेक जण भरतीला आठ दिवस उरले असताना ‘फिटनेस सर्टिफिकेट’ मागायला येतात. तोवर फार उशीर झालेला असतो. जो दोष वर्षभर आधी कळला असता तर सहज दुरुस्त झाला असता, तो त्या वेळी अपात्रतेचे कारण ठरतो. जो दोष दुरुस्त होण्यासारखा नसतो, त्याच्यापायी मुलाची दोन-तीन वर्षे वाया गेलेली असतात. म्हणून या लेखात सैन्याच्या गौरवाविषयी न लिहिता घरातील ज्येष्ठांना काय करता येईल, याविषयी लिहीत आहे. ज्येष्ठांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे, कारण घराण्याच्या आरोग्याचा जो इतिहास वैद्यकीय मंडळाला माहीत नसतो आणि खुद्द मुलालाही ठाऊक नसतो, तो आजी-आजोबांच्या स्मरणात असतो.

आधी ऐकून घ्यावे

पहिल्याच दिवशी होकार किंवा नकार देऊ नये. मुलाला शांतपणे विचारावे : सैन्यातच का? कोणत्या शाखेत? कोणते काम? अधिकारी म्हणून की जवान म्हणून? चित्रपट पाहून आलेली ओढ आणि माहिती काढून घेतलेला निर्णय यांतला फरक या चार प्रश्नांतच स्पष्ट होतो.

पुष्कळ ज्येष्ठांच्या मनात सैन्य म्हणजे केवळ सीमेवरील बंदूक असते. प्रत्यक्षात अभियांत्रिकी, दूरसंचार, रसद, वाहनदुरुस्ती, वैद्यकीय सेवा अशा कितीतरी शाखा सैन्यात आहेत. त्यांतील कितीतरी संस्था आपल्या महाराष्ट्रातच आहेत. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे, लोणावळ्याला नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे आणि पुण्याला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी कोणतीही शाखा धोक्यापासून पूर्ण मुक्त नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलावे. ‘काही होत नाही’ असे सांगून धीर देणे आणि ‘जीव जाईल’ असे सांगून भीती घालणे, या दोन्हींमुळे मुलाला विचार करणे अवघड होते.

वाटा आणि अटी

बारावीनंतर अधिकारी होण्याची प्रमुख वाट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजेच एनडीएमधून जाते. तिच्यासाठी संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. उमेदवाराचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांदरम्यान असावे लागते. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत होते आणि त्यानंतर सैनिकी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी. पदवीधरांसाठी सीडीएस ही परीक्षा आहे. ज्यांना डॉक्टर किंवा परिचारिका म्हणून सेवा करायची आहे, त्यांना सैन्याच्या वैद्यकीय शाखेची वाट खुली आहे. दहावीनंतर एनडीएची तयारी करण्यासाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून मुलांसाठी चालते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

जवान म्हणून जाणाऱ्यांसाठी जून २०२२ पासून अग्निपथ योजना आहे आणि तिच्या अटी घरातील प्रत्येकाने समजून घेतल्या पाहिजेत. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची असते. त्यानंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद योजनेत करण्यात आली. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांचे मानधन ठरलेले असून त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत जमा होते, म्हणजे हाती २१,००० रुपये येतात. चार वर्षांनंतर सेवानिधी म्हणून व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. निवृत्तिवेतन नाही. माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजनाही चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यास लागू होत नाही. वर्षाला ३० दिवसांची रजा असते.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये, तसेच कोणी डोळेझाकही करू नये. ‘मुलगा सैन्यात लागला, आता आयुष्यभराची सोय झाली’ हा आजोबांच्या काळातील हिशेब अग्निवीराला लागू पडत नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घरी परत आल्यास पुढे काय करायचे, याचा विचार जाण्यापूर्वीच झाला पाहिजे. वयोमर्यादा व नियम बदलत असल्याने दर वेळी चालू वर्षाची मूळ जाहिरातच वाचावी. निवड करून देण्यासाठी पैसे मागणारा कोणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

आजी-आजोबांनी आठवून सांगायच्या गोष्टी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एका वहीत पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत आणि ती वही घेऊन मुलासह आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे.

घराण्यात कोणी तरुणपणी, म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या आत, अचानक दगावले आहे काय? ‘खेळता खेळता कोसळला’, ‘झोपेतच गेला’, ‘विहिरीत पोहताना गेला’ अशा घराण्यातील जुन्या हकिकतींमागे कधीकधी हृदयाचा आनुवंशिक दोष असतो. हृदयाचा स्नायू जन्मतःच प्रमाणाबाहेर जाड होत जाण्याची प्रवृत्ती असते, किंवा हृदयाच्या विद्युत्प्रवाहात दोष असतो. मूल वरकरणी धडधाकट दिसते आणि पहिले लक्षण कठोर श्रमाच्या वेळीच प्रकट होते. अशी हकिकत असल्यास, किंवा मुलाला धावताना छातीत दुखत असल्यास वा चक्कर येऊन तो पडला असल्यास, ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी झाल्याखेरीज मैदानावर जाऊ देऊ नये.

लहानपणी मुलाचे सांधे सुजून दुखत होते काय? दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू होते काय? ही संधिवाताच्या तापाची खूण असू शकते आणि त्यात हृदयाची झडप खराब झालेली असू शकते.

फिट आली होती काय? लहान वयात तीव्र तापात आलेला झटका आणि अपस्मार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या वेळचे कागद जपून ठेवले असतील तर ते शोधून काढावेत.

दम लागत होता काय? पंपाचे औषध किती वर्षे चालले?

घराण्यात सिकलसेल आहे काय? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट या भागांतील कुटुंबांनी हा प्रश्न विशेष गांभीर्याने घ्यावा. सिकलसेलचा केवळ वाहक असलेला मुलगा रोजच्या जीवनात पूर्ण निरोगी असतो. तथापि प्रखर उष्णतेत, पाण्याच्या कमतरतेत आणि अतिश्रमात त्याचे स्नायू वेगाने विघटित होण्याचा, तर अतिउंचीवर प्लीहेला इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. लेह शहरच मुळी सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि सैनिकांच्या चौक्या त्याहून पुष्कळ उंचावर असतात. रक्ताची साधी तपासणी शासकीय रुग्णालयात होऊ शकते.

आईच्या वडिलांना रंग ओळखण्यात अडचण होती काय? लाल-हिरव्या रंगांचा आनुवंशिक दोष आजोबांकडून मुलीच्या मार्गाने नातवापर्यंत येतो. आईच्या वडिलांना तो असेल, तर प्रत्येक नातवात तो असण्याची शक्यता निम्मी असते. मुलाला स्वतःला बहुधा कल्पनाही नसते. या दोषावर उपचार नाही आणि मापदंड शाखेनुसार वेगळे आहेत. नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होणारी ही चाचणी आठवी-नववीतच करून घ्यावी. वैमानिक होण्याचे स्वप्न पाच वर्षे उराशी बाळगून मग ते मोडण्यापेक्षा योग्य शाखेचा विचार आधीच झालेला बरा.

दुरुस्त होणारे आणि न होणारे

ही प्राथमिक तपासणी भरतीच्या किमान एक वर्ष आधी करावी. वजन प्रमाणात आहे काय, रक्तदाब व नाडी, दृष्टी, कानाचा पडदा, नाकातील हाड, दात, अंडवृद्धी, हर्निया, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, मूळव्याध, पायांवरील फुगलेल्या शिरा, सपाट तळपाय, उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागणे हे सर्व पाहिले जाते. दीर्घ श्वास घेतल्यावर छाती किमान पाच सेंटिमीटर फुगावी लागते.

यांपैकी पुष्कळ गोष्टी वेळ असेल तर सुधारतात. वजन सहा महिन्यांत सावकाश उतरवता येते. कानातील मळ डॉक्टरांकडून काढून घेता येतो. घरी काडी घालून पडद्याला इजा करू नये. किडलेले दात भरता येतात. हर्निया वा अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करता येते, परंतु त्यानंतर ठरावीक काळ जावा लागतो, म्हणून ती ऐन वेळी करून उपयोग होत नाही. चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया प्रत्येक प्रवेशाला चालत नाही. त्या प्रवेशाचे नियम वाचल्याखेरीज ती करू नये. हौसेने अंगावर गोंदवून घेण्यावरही निर्बंध आहेत, हे मुलाला आधीच सांगावे. मावा आणि गुटखा खाणाऱ्या मुलाचे तोंड पुरेसे उघडत नाही, हे आता विशीतल्या मुलांतही दिसते. तो दोष सैन्याच्याच नव्हे, मुलाच्या जिवाच्याही आड येणारा आहे.

वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवले, तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येते. तोवर त्या विषयातील तज्ज्ञाचे लेखी मत घेऊन ठेवावे.

लपवाछपवी नको

येथे ज्येष्ठांकडून एक मोठी चूक होण्याची शक्यता असते. ‘कशाला सांगायचे? विचारले तर नाही म्हण,’ असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. अपस्माराच्या गोळ्या तपासणीपुरत्या बंद केल्या जातात आणि दम्याचा पंप घरी ठेवला जातो. अशी तपासणी उत्तीर्ण झाली, तरी आजार शरीरातच राहतो. बर्फातील चौकीवर जागरण, उपास आणि थंडी यांनी फिट आली, तर जवळ रुग्णालय नसते आणि हातात शस्त्र असते. त्या क्षणी त्याच्या सोबत्यांचे प्राणही धोक्यात येतात. वैद्यकीय तपासणी मुलाच्या विरोधात नसते. ज्या परिस्थितीत त्याचे शरीर तग धरणार नाही, तेथे त्याला पाठवू नये यासाठीच ती असते.

मैदानावर मुले का कोसळतात?

अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरची धाव, बीमवर ओढून शरीर वर उचलणे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे अशा चाचण्या असतात. त्यांसाठी सहा महिन्यांची क्रमाक्रमाने वाढणारी तयारी पुरेशी असते. मुले मात्र पुष्कळदा महिनाभर आधी जागी होतात आणि मग आडमार्ग शोधतात.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. ती भरती सैन्याची नव्हती, पण मैदानावर धावणारी मुले तशीच होती. उष्मा, पाण्याची कमतरता, अपुरी तयारी, रात्रीचे जागरण आणि उत्तेजक द्रव्ये यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या, की निरोगी दिसणारे शरीरही हार मानते.

म्हणून घरातील मोठ्यांनी मुलाच्या बॅगेतील औषधांकडे लक्ष द्यावे. वजन वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चेहरा गोल होतो, भूक वाढते. परंतु शरीराचे स्वतःचे संप्रेरक मंदावते आणि गोळ्या अचानक बंद झाल्यास जीव धोक्यात येतो. वजन उतरवण्यासाठी लघवीच्या गोळ्या घेणे म्हणजे शरीरातील पाणी व क्षार घालवून धावायला जाणे होय. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेतल्यास, आधीच पाणी कमी असलेल्या शरीरात मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ‘दम लागत नाही’ म्हणून कोणी इंजेक्शन देत असेल, तर त्याला ठाम नकार द्यावा. ताप आलेला असताना आणि तो उतरल्यानंतरही अशक्तपणा असेतोवर धावू नये, कारण विषाणूजन्य तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते.

आहार मात्र घरचाच उत्तम. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, शेंगदाणे, दूध, दही आणि खाणाऱ्यांसाठी अंडी यांत सर्व काही मिळते. महागड्या भुकटीच्या डब्यांची गरज नाही. सराव पहाटे करावा आणि ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत जवळ ठेवावे. आठ तासांची झोप व्हावी. धावण्याचे अंतर दर आठवड्याला थोडे थोडेच वाढवावे. नडगीचे एकाच जागी टोचून दुखणे सुरू झाले, तर ‘सहन कर’ असे न म्हणता विश्रांती द्यावी. तेथे हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

धावताना कोणी कोसळून बरळू लागला आणि अंग तापलेले असेल, तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि मान, काख, जांघ येथे बर्फ ठेवावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि जलद दाब देणे त्वरित सुरू करावे.

नातीसाठी थोडे अधिक

एनडीएचे दार मुलींसाठी २०२२ मध्ये उघडले आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी दीक्षांत संचलन करून बाहेर पडली. तेव्हा ‘हे मुलींचे काम नाही’ हे वाक्य आता घरात नको. मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल, तर आधी कारण शोधून उपचार करावेत. धावणे त्यानंतर वाढवावे. सरावाच्या काळात पाळी लांबली किंवा थांबली, तर ‘बरेच झाले’ असे समजू नये. श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यातून हाडे ठिसूळ होतात.

घराचीही तयारी हवी

आता थोडे आपल्याविषयी. नातू घरात असतो, तेव्हा औषधे आणणे, दवाखान्यात नेणे, रात्री उठून पाहणे यांतील पुष्कळ कामे नकळत त्याच्यावर आलेली असतात. तो गेल्यावर ही कामे कोण करणार, हे आधी ठरले पाहिजे. आपल्या सर्व औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी. रात्री-अपरात्री धावून येईल अशा शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा आणि जवळच्या नातलगाचा क्रमांक त्याखाली लिहावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता ठाऊक करून घ्यावा. सैनिकांच्या कुटुंबांच्या अडचणी तेथे मांडता येतात.

‘तू गेलास तर माझे कसे होणार?’ हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो मुलापुढे मांडायचा असेल, तर अडचण म्हणून मांडावा आणि सर्वांनी मिळून त्यावर उपाय शोधावा. शपथ म्हणून मांडू नये. आजीच्या आजारपणामुळे राहून गेलेली इच्छा मुलाच्या मनात पुढे वर्षानुवर्षे सलत राहते आणि सेवा करणाऱ्या हातांत कडवटपणा येतो. याउलट कुटुंबाच्या हट्टापायी, ‘आपल्या घराण्यात प्रत्येक पिढीत एक फौजी झालाच पाहिजे’ म्हणून मन नसताना पाठवलेला मुलगाही सुखी होत नाही.

तो गेल्यानंतर फोनवर प्रत्येक बारीकसारीक दुखणे सांगू नये, पण मोठा आजार लपवूही नये. खरे सांगितले जाते असा त्याचा विश्वास असेल, तरच तो दूरवर निश्चिंतपणे झोपू शकतो.

निवड झाली नाही तर

निवड न होणारी मुले निवड होणाऱ्यांहून कितीतरी अधिक असतात. काही मुले अकादमीत तीन-चार वर्षे घालवतात, शिक्षण सुटते आणि वयोमर्यादाही निघून जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन अटी घालाव्यात : महाविद्यालय सोडायचे नाही आणि किती प्रयत्न करायचे ते आधीच ठरवायचे. अपयशानंतर मुलगा जेवेनासा झाला, एकटा बसू लागला, झोप उडाली किंवा ‘आता जगून काय करू’ असे बोलला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. गावभर अगोदरच पेढे वाटून ठेवले नसतील, तर मुलाला परत येणे सोपे जाते, हेही ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या घरी असा विषय निघाला असेल, तर या आठवड्यातच वही घेऊन बसावे. घराण्यातील आजार आठवावेत, लिहावेत, काहीही न गाळता लिहावेत. मग नातवाला किंवा नातीला बरोबर घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. जायचे की नाही, हा निर्णय त्याने किंवा तिनेच घ्यायचा आहे. त्यासाठी लागणारी खरी माहिती वेळेत हाती देणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे.